‘मूनलाइट’चा तिसरा भाग 110 च्या पुढे जात नाही, आणि हात भरून येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 34, नोकरी सांभाळून सात वर्षं पियानो, पियानोच्या परीक्षांपैकी ग्रेड 7 झालेली. बेथोवनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग नीट बसला, म्हणून चार महिन्यांपूर्वी तिसरा भाग घेतला. मेट्रोनोम (टिकटिक करून मात्रा दाखवणारं यंत्र) रोज दोन-दोनने वाढवत मिनिटाला 110 मात्रांपर्यंत आलात, तिथे अडकलात. दीड पान झालं की उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत दगडासारखा होतो. घरी डिजिटल पियानो आहे. बाबांच्या साठीला, डिसेंबरमध्ये, हे वाजवायचं आहे. ‘कोणते व्यायाम करू?’ असं तुम्ही विचारलंय.

मी सत्तावीस वर्षं पियानो शिकवतेय आणि हा भाग घेऊन आलेले बरेच विद्यार्थी पाहिलेत. जवळजवळ सगळे तुम्ही अडकलात तिथेच अडकतात. व्यायामांचं नंतर बघू. आधी एक काम करा. पियानोपासून लांब, खुर्चीत बसा, हातात पेन्सिल घ्या आणि पहिल्या दोन पानांवर बेथोवनने आवाजाच्या कोणत्या खुणा दिल्यात त्या प्रत्येकीला गोल करा.

पहिल्या बारला (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खण) काय आहे? ‘पी’. पियानो. म्हणजे मृदू. दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेवर जो दणका बसतो, त्याच्यावर स्फोर्झांडो, म्हणजे अचानक जोर. आणि त्या दोन खुणांच्या मध्ये? काहीही नाही. क्रेशेंडो, म्हणजे हळूहळू वाढणारा आवाज, नाही. खालून वर उसळत जाणारे ते सगळे स्वर मृदूच आहेत आणि दणका न सांगता पडतो. पुढच्या दोन बारमध्ये पुन्हा तेच. हा भाग भयंकर वादळी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आहेच. पण त्यातला खूप मोठा वाटा दबक्या आवाजात लिहिलेला आहे. जोर मोजक्या ठिकाणी आहे, आणि तो मोजका आहे म्हणूनच अंगावर येतो.

तुम्ही रेकॉर्डिंग पाठवलंत ते मी तीनदा ऐकलं. पहिल्याच बारपासून तुम्ही चढत्या आवाजात वर जाता आणि कॉर्डपर्यंत, म्हणजे एकत्र दाबायच्या स्वरांच्या त्या दणक्यापर्यंत, पोहोचता तेव्हा हातात द्यायला काही उरलेलं नसतं. तुमचा वेगाचा प्रश्न आणि हात भरून येण्याचा प्रश्न, दोन्ही इथून सुरू होतात. बोटं कमजोर आहेत असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही जड वाजवताय.

आपल्या भाषेचाही इथे थोडा घोटाळा होतो. ‘हळू बोल’ म्हणजे आवाज कमी कर आणि ‘हळू चाल’ म्हणजे वेग कमी कर. दोन्हीला आपण ‘हळू’च म्हणतो. त्यामुळे की काय, मी वर्गात ‘हळू वाजवा’ म्हटलं की मुलं टेम्पो खाली आणतात, आणि टेम्पो वाढवा म्हटलं की आवाजही वाढवतात. वेग आणि जोर हातात एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ही गाठ सोडवणं, हाच या भागाचा निम्म्याहून जास्त रियाज. ज्यांनी चांगला तबला जवळून पाहिलाय त्यांना हे पटकन कळतं. लय चौगुनीला गेली की वादकाचा हात आणखी हलका होतो, बोटं पुडीच्या अगदी जवळ राहतात. दाबून वाजवणाऱ्याचे बोल द्रुतमध्ये एकमेकांत मिसळतात.

थोडा हिशेब करू. एका मात्रेत चार स्वर. 110 ला सेकंदाला साधारण सात स्वर होतात, 150 ला दहा. सातापर्यंत माणूस प्रत्येक बोट वेगळं उचलून, वेगळं दाबून, कसंबसं निभावतो. दहाला ते होत नाही. तिथे चार स्वरांचा गट हाताच्या एकाच झेपेत पडावा लागतो. म्हणजे 110 ला तुम्ही करताय तीच हालचाल जरा घाईने केली की 150 येईल, असं नाही. 150 ची हालचाल मुळातच वेगळी आहे. म्हणून मेट्रोनोम दोन-दोनने वाढवत नेण्याची युक्ती एका टप्प्यानंतर चालत नाही. तुम्ही रोज चुकीची हालचाल थोडी थोडी पक्की करत आलात. हे तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाहीये. एकोणिसाव्या वर्षी मी हेच केलं होतं, एका स्पर्धेसाठी. रोज तीन तास, पूर्ण जोरात. स्पर्धेच्या दोन आठवडे आधी उजव्या मनगटात कळ यायला लागली, तरी थांबले नाही. नंतर सात महिने पियानोला हात लावता आला नाही. तुमचा हात ‘दगडासारखा’ होतो म्हणता, ते वाचून मला ते दिवस आठवले. म्हणून आधी एवढं पाळा: हात भरला की त्याच क्षणी थांबायचं, ‘एवढी ओळ पूर्ण करतो’ असं नाही. आणि मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल तर रियाज बंद करून डॉक्टरांना दाखवा.

आता पहिल्या पानाकडे वळू. स्टाफ नोटेशनमधून शिकलेले लोक हे पान चार शार्पच्या जंगलासारखं बघतात. आपल्याला एक सोय आहे, ती वापरा. हा सोनाटा सी शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत काळी एक. काळी एकचा सा धरा आणि डावा हात काय करतोय ते बघा. दर दोन बारला सर्वांत खालचा स्वर एक पायरी उतरतो: सा, मग शुद्ध नी, मग कोमल नी, मग कोमल ध, आणि नवव्या बारला पंचम. सा-नी-नी-ध-प. बस्स. वर उजवा हात कितीही उसळला तरी जमीन अशी पायरी पायरीने खचत जाते आणि पंचमावर, म्हणजे काळी चारवर, येऊन ठाकते. तिथून चौदाव्या बारपर्यंत सगळा ताण त्या पंचमावरच आहे. हे गळ्यातून गाऊन बघा, रोज, पियानो न उघडता. डाव्या हाताची ही उतरण कानात बसली की पहिली चौदा बार पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप पुढचं ठिकाण सांगतात.

उजव्या हाताचं काम असं: चार-चार स्वरांचे गट, आणि प्रत्येक गट आधीच्या गटाच्या एक पायरी वरून सुरू होतो. तेच तीन स्वर, फक्त उलटसुलट रचनेत. म्हणून पहिला आठवडा हे गट सुटे वाजवूच नका. प्रत्येक गट एकत्र, कॉर्डसारखा दाबा. हात उचला, पुढच्या जागेवर ठेवा, दाबा. अंगठा काळ्या पट्टीवर जायला कचरतो. जाऊ द्या त्याला, अख्खा हातच पट्ट्यांच्या आत, झाकणाच्या बाजूला सरकवा. बहुतेकांचा घोटाळा असा की हात बाहेर, पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला ठेवतात आणि मग काळ्या पट्टीसाठी दर वेळी आत-बाहेर करतात. इथे हात आतच राहिला पाहिजे. बोटं मी अशी देते (1 म्हणजे अंगठा, 5 म्हणजे करंगळी): ज्या गटाचा खालचा स्वर काळी चार आहे तिथे 1-2-3-5, ज्याचा ई (पांढरी तीन) आहे तिथे 1-2-4-5, आणि जो काळी एकवरून सुरू होतो तिथे तुमच्या हाताला तिसरं बोट सोपं जातं की चौथं ते बघा, पण एकदा ठरवलं की बदलू नका.

कॉर्ड डोळे मिटून सापडायला लागल्या की मग झेप. एक गट घ्या. चार स्वर, शेवटच्या वेगाने, म्हणजे 150 च्या हिशेबाने, पण अगदी मृदू, आणि पुढच्या गटाच्या पहिल्या स्वरावर थांबा. पूर्ण थांबा. खांदा खाली आहे का, कोपर सुटं आहे का, मनगट हलवलं तर हलतंय का, हे तपासा. श्वास घ्या. मग पुढचे चार. पाच-सहा दिवसांनी दोन गट एका दमात, मग चार, मग पूर्ण बार. लक्षात घ्या, वेग पहिल्या दिवसापासून पूर्ण आहे. वाढवायची आहे ती लांबी. सावकाश वाजवणंही रोज हवंच, ते स्वर नीट ऐकायला आणि बोटं तपासायला, पण वेग सावकाश वाजवण्यातून येईल ही आशा सोडा.

एक खूण सांगते. हे बरोबर होत असेल तर मनगट डावीकडून उजवीकडे लाटेसारखं जरासं वाहतं आणि कोपर त्याच्या मागे जातं. चूक होत असेल तर मनगट एका जागी रुतून बसतं आणि बोटं धडपडतात. फोन उजव्या बाजूला पट्ट्यांच्या उंचीवर ठेवून शूट करा. आरशापेक्षा हे बरं, कारण वाजवताना बघावं लागत नाही.

दुसऱ्या बारच्या शेवटी दणका देणाऱ्या त्या दोन कॉर्ड्ससाठी वेगळा रियाज. वर पोहोचल्यावर हात मारायचा नाही, खांद्यापासून वजन सोडायचं आणि लगेच सोडवून घ्यायचं. पहिल्या कॉर्डमधून जी उसळी मिळते तिच्यातच दुसरी वाजते. आणि पेडल फक्त इथे. बेथोवनने पेडलची खूण या कॉर्ड्सवर दिली आहे, त्याआधीच्या धावेवर नाही. धाव कोरडी, स्वर न स्वर सुटा, आणि मग अचानक घंटेसारखा घुमणारा आवाज. तुम्ही पहिल्या स्वरापासून पेडल दाबून ठेवता, त्यामुळे बोटांचा असमानपणा झाकला जातो, पण तो दणकाही झाकला जातो.

हे असं लिहिण्यामागे त्या काळचं वाद्यही होतं. हा सोनाटा 1801 चा, छापला गेला 1802 मध्ये. तेव्हाच्या व्हिएन्नातल्या पियानोच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या होत्या आणि कमी खोल जायच्या. आज आपण जवळपास दहा मिलिमीटर खोल, बरीच जड पट्टी दाबतो आणि वेगाची अपेक्षा तीच ठेवतो. त्यामुळे जड हाताची शिक्षा आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त मिळते. उपाय एकच, पट्टीच्या तळाशी पोहोचल्यावर दाबत राहायचं नाही. स्वर वाजून गेलेला असतो. त्यानंतरचा सगळा दाब फक्त तुमच्या हाताला दुखवतो.

एकविसाव्या बारपासून दुसरी चाल सुरू होते, आणि इथे अडचण डाव्या हाताकडे जाते. या काळातला संगीतकार मायनरमधून निघाला की दुसऱ्या चालीला बहुधा मेजरचा उजेड देतो. बेथोवन इथे तो देत नाही. तो काळी चारच्या मायनरमध्ये जातो, अंधारातून अंधारात. म्हणून ही चाल गोड करून वाजवू नका. ती विनवणी आहे, आणि घाईतली आहे. डाव्या हातात खालचा-वरचा असे आलटून पालटून येणारे स्वर आहेत. ते बोटांनी नाही, मनगट-कोपर यांच्यातला हात फिरवून वाजतात. कुलपात किल्ली फिरवतो तसं, तेवढंच बारीक. दोन मिनिटं नुसता डावा, जेमतेम ऐकू येईल असा. मग उजव्या हाताची चाल त्यावर गा, वाजवू नका. गाता येत नसेल तर डावा अजून जड आहे.

पुढे 43 व्या बारपासून पुन्हा पुन्हा येणाऱ्या कॉर्ड्स आहेत, आणि तुमचा हात ‘दीड पानानंतर’ भरतो म्हणता तो खरं तर इथेच फुटतो. यांनाही मृदूच सुरुवात आहे. यात तुमच्या वाद्याचाही वाटा असू शकतो. ग्रँड पियानोत पट्टी अर्धवट वर आली तरी तोच स्वर पुन्हा वाजतो. ही रचना पॅरिसच्या एरार यांनी 1821 मध्ये पेटंट केली. सर्वसाधारण अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, ती नसते, पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. तुमच्या डिजिटलला दोन सेन्सर आहेत की तीन, ते माहितीपत्रकात बघा. तीन असतील तर अर्ध्यावरून पुन्हा वाजेल. दोन असतील तर इथे स्वर गळतील आणि तुम्हाला वाटेल आपला हात कमी पडतोय. शिवाय आवाजाचं बटण. बहुतेक जण शेजाऱ्यांसाठी ते कमी ठेवतात आणि मग ऐकू यावं म्हणून पट्ट्या ठोकतात. हेडफोन लावा, आवाज पुरेसा वाढवा, आणि हात हलका करा. एवढ्या एका बदलाने माझ्या दोन विद्यार्थ्यांचं दुखणं महिन्याभरात थांबलं.

महिन्यातून दोनदा तरी खऱ्या पियानोवर वाजवायला मिळेल अशी सोय बघा. फक्त पावसाळ्यात जपून: जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड आणि पट्ट्यांमधलं फेल्ट फुगतं, पट्ट्या खाली गेल्या की आळसाने वर येतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत तर हे दरवर्षीचंच. त्या दिवसांत कॉर्ड्स अडकल्या तर आधी एकच पट्टी अलगद दाबून सोडून बघा, मग स्वतःला दोष द्या.

बाकीच्या भागाचं थोडक्यात सांगते, कारण पहिली दोन पानं हलकी झाली की बरंचसं तेच आहे. मधल्या विस्तारात दुसरी चाल काही काळ डाव्या हाताकडे जाते. तेवढे बार स्वतंत्र काढून ठेवा. 102 व्या बारला पहिली चाल परत येते. यानंतर लोक पाठांतरात हमखास घसरतात, कारण तेच साहित्य आता वेगळ्या सुरात, काळी एकमध्येच राहून, पुढे जातं. पहिल्या वेळचं पान आणि आताचं पान शेजारी ठेवून नेमकं कुठे वाट फुटते तिथे खूण करा. फुटणारी ती जागा रोज दोन्ही वाटांनी वाजवा, एकदा इकडे, एकदा तिकडे.

शेवटचं पान आधी शिका, असं मी सगळ्यांना सांगते. तिथे मोठ्या धावा आहेत, ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची भरभर आलटापालट) आहे, आणि मग सगळं अचानक थांबतं: अडाजिओ, म्हणजे संथ, फक्त दोन बार, खूप खालचे स्वर. त्यानंतर पुन्हा मूळ वेग आणि शेवट. त्या अडाजिओला थकलेला माणूस धाप टाकतो आणि ताजा माणूस ऐकतो. शेवटचं पान सगळ्यांत जास्त वेळा वाजवलेलं असेल, तर तिथे पोहोचताना तुम्ही ओळखीच्या गल्लीत शिरता.

रोजचा वेळ तुम्ही पाऊण तास म्हणालात. पुरेसा आहे. या भागाला त्यातली पंचवीस मिनिटं द्या, तीही दोन तुकड्यांत. पूर्ण भाग सुरुवातीपासून वाजवणं आठवड्यातून एकदाच, तेही 90 ला. अंतिम वेगाचा हट्ट धरू नका. प्रेस्टो, म्हणजे अतिद्रुत, लिहिलंय हे खरं, पण 144 ला स्वच्छ, मृदू आणि दणक्यांसकट वाजलेला हा भाग 165 च्या गढूळ भागापेक्षा कितीतरी जास्त धडकी भरवतो.

आता डिसेंबर. नाही होणार, आणि करूही नका. हालचाल बदलायची आहे, त्याला माझ्या अनुभवात आठ ते दहा महिने लागतात, आणि मध्ये तारीख आली की जुना जड हात परत येतो. पण बाबांना ऐकवायला तुमच्याकडे चांगली गोष्ट आहे. पहिला भाग तयार आहेच. त्याला जोडून दुसरा शिका, लहानसा आहे, सहा-सात आठवड्यांत बसेल. तो डी फ्लॅट मेजरमध्ये लिहिलाय, पण पट्टी बघा: तीच काळी एक. मायनरचं मेजर झालं इतकंच. पहिल्याच्या शेवटी बेथोवनने न थांबता पुढच्या भागात जायला सांगितलंय, तसंच करा. शेवटचा स्वर विरायला आला की टाळ्यांना वाव न देता सरळ दुसरा सुरू. आणि पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये मला तिसऱ्या भागाचे फक्त पहिले दोन बार पाठवा, मृदू, पेडलशिवाय, शेवटच्या दोन कॉर्ड्ससकट.